परवान्यातले नाव : मुक्तस्रोत लेखनप्रणालीच्या अभ्यासाची प्रस्तावना

वर्डप्रेसची झिप फाइल उतरवून उलगडली की आत परवान्याची एक साधी मजकूर-फाइल सापडते. ती सहसा कोणी उघडत नाही. साइट उभी करायची घाई असते, क्लायंट फोनवर असतो, आणि कायद्याचे इंग्रजी हौसेने वाचणारा माणूस विरळा. तरी या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने पहिल्यांदा तीच उघडावी, असे मी सुचवीन. सुरुवातीच्याच मजकुरात एक नाव येते, मिशेल वाल्द्रिगी, आणि त्यापुढे २००१ व २००२ ही दोन साले. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांखाली आज ही प्रणाली आहे. तिच्या प्रत्येक प्रतीत या माणसाचे नाव आहे, आणि ती रोज वापरणाऱ्या बहुतेकांनी ते कधी ऐकलेले नाही.

वाल्द्रिगी मूळचे कॉर्सिका बेटावरचे. २००१ मध्ये त्यांनी ‘बी-२’ नावाची एक छोटी प्रणाली लिहिली. पीएचपी भाषेत लिहिलेली, मजकूर मायएसक्यूएलच्या तक्त्यांत साठवणारी. ब्लॉग लिहिणाऱ्याने खिडकीत मजकूर टाकायचा, बटण दाबायचे, पान तयार. त्या काळी हे अप्रूप होते. पुढे २००२ च्या सुमारास वाल्द्रिगी दिसेनासे झाले आणि बी-२ च्या सुधारणा थांबल्या. अमेरिकेत ह्यूस्टनला मॅट मलनवेग हा १९ वर्षांचा विद्यार्थी ती प्रणाली वापरत होता. २४ जानेवारी २००३ रोजी त्याने आपली अडचण जाहीरपणे लिहून टाकली : आपण वापरतो ती वस्तू अनाथ झाली आहे, मात्र परवाना असा आहे की कोणालाही ती उचलून पुढे नेता येईल. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटल या विकासकाने उत्तर दिले. तू हे खरेच मनावर घेणार असशील तर मी मदतीला आहे, असा त्याचा आशय. दोघे एकमेकांना भेटलेले नव्हते. २७ मे २००३ ला ०.७० ही पहिली आवृत्ती निघाली. तिला वर्डप्रेस हे नाव सुचवले ख्रिस्टीन सेलेक ट्रेमुले या मैत्रिणीने. वाल्द्रिगी नंतर परतले, आणि बी-२ चा पुढचा प्रवाह हाच, असे त्यांनीही मान्य केले.

इथे एक तपशील नजरेतून निसटू देऊ नये. बी-२ पासून फुटलेली ही एकटीच फांदी नव्हती. फ्रान्स्वा प्लँक यांची बी-२ इव्होल्युशन होती, आयर्लंडच्या डोनका ओ’कीव यांची बी-२ प्लस प्लस होती. त्यातली एकच का वाढली, या प्रश्नाला ‘तिचा कोड सरस होता’ हे उत्तर पुरत नाही. पहिल्या वर्षातला वर्डप्रेसचा कोड आज वाचला तर त्यात थक्क व्हावे असे काही सापडत नाही. वाढली ती फांदी जिला सतत पाणी घालणारी माणसे मिळत गेली. या क्षेत्राचा इतिहास शोधांच्या अंगाने लिहू गेले तर तो दोन पानांत संपतो. निगेच्या अंगाने लिहायला घेतला की मात्र हाताला लागतो, आणि पुढच्या सगळ्या विवेचनाचा रोख तिकडेच आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. जुन्या पोथ्यांची नकल करणारा शेवटी पुष्पिका लिहीत असे : शक, तिथी, गाव, कोणासाठी लिहिले, आपले नाव. तिथेच तो हेही सांगून टाकत असे की मूळ जसे दिसले तसे उतरवले आहे, चुकीचे खापर आपल्या माथी फोडू नये. वर्डप्रेस ज्या जीपीएल परवान्याखाली आहे त्यातही हमी नाकारणारे कलम ठसठशीत मोठ्या अक्षरांत छापलेले असते. नकलकाराचा आणि संगणकतज्ज्ञाचा स्वभाव इतका सारखा निघावा याची मला नेहमी गंमत वाटते.

साम्य आणखी पुढे जाते आणि मग नेमक्या जागी तुटते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध संहिता सिद्ध केली आणि यापुढे कोणी मूळ ग्रंथात पदरची ओवी घालू नये अशी सक्त ताकीद दिली. क्षेपकांनी ग्रासलेल्या ग्रंथाला ती हवीच होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी घडवलेला जीपीएल हा परवाना नेमका उलटा बोलतो. पदरची ओवी घालायला त्याची मुभा आहे. बदललेली पोथी तुम्ही दुसऱ्याला दिलीत तर तिच्यासोबत हीच मुभा द्यावी लागते, एवढीच अट. मात्र कोणती ओवी कोणी, कधी आणि कशासाठी घातली, याची नोंद इथे आपोआप राहते. आवृत्ती-नियंत्रण म्हणतात ते हेच. प्रत्येक पाठभेदाला तारीख आहे, नाव आहे, कारण आहे. ज्ञानेश्वरीच्या संशोधकांना असे काही मिळते तर त्यांची अर्धी हयात वाचली असती.

दुसरा फरक जास्त कडू आहे. पोथी बासनात बांधून ठेवली, वाळवी लागू दिली नाही, तर शतकभर टिकते. कोड बासनात ठेवला की नासतो. त्याच्याखालची पीएचपी बदलते, ब्राउझर बदलतात, आणि कुलूप उघडायच्या नव्या युक्त्या चोर रोज शिकतात. ज्या कोडला कोणी हात लावत नाही तो जुना होत नाही, धोकादायक होतो. २०११ च्या ऑगस्टमध्ये याचा जाहीर धडा मिळाला. चित्रे लहानमोठी करणारी ‘टिमथम्ब’ नावाची एक चिमुकली फाइल शेकडो थीमच्या, म्हणजे साइटला रूप देणाऱ्या साच्यांच्या, पोटात जाऊन बसली होती. तिच्यात बाहेरून घुसायची वाट सापडली. आपल्या थीममध्ये ही फाइल आहे हेच असंख्य साइटमालकांना माहीत नव्हते. फाइल फुकट मिळाली होती, तेव्हा तिची चौकशी करायची असते हे कोणाच्या मनातही आले नसावे.

तेव्हा वेब विकासक या क्षेत्रात करतो तरी काय? बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रात्री जागून कोड लिहिणारा एकांडा पोरगा येतो. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ तिकिटांवर जातो. कोणाला तरी बग सापडतो, तो ‘ट्रॅक’ या नोंदवहीत तिकीट उघडतो. दुसरा कोणी तो आपल्या मशीनवर पुन्हा घडवून पाहतो. न घडल्यास आणखी माहिती मागतो. तिसरा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, जोडतो. चौथा म्हणतो, याने हा बग मिटेल पण जुन्या साइटवर भलतेच मोडेल. मग चर्चा. कधी एका आठवड्यात निकाल लागतो, कधी तिकीट वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. शेवटी ज्यांना मूळ कोडमध्ये बदल करायचा अधिकार आहे अशा मोजक्यांपैकी एक जण ते ‘कमिट’ करतो आणि संदेशात ‘प्रॉप्स’ म्हणून साऱ्यांची नावे लिहितो. तिकीट उघडणाऱ्याचेसुद्धा. या शब्दाला मराठीत ‘दाद’ म्हणावे. मुख्य आवृत्त्यांना जॅझ संगीतकारांची नावे द्यायची या मंडळींची रीत आहे, १.० ला माइल्स डेव्हिसचे, १.२ ला मिंगसचे. मैफलीतला शब्द त्यांना शोभून दिसतो.

१.२ चा उल्लेख आला आहे तर तिथे थोडे थांबू. मे २००४ मधल्या या आवृत्तीने प्लगइनची सोय केली, आणि माझ्या मते वर्डप्रेसच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत दूरगामी निर्णय तोच. जुन्या वाड्याच्या भिंतीत बांधतानाच खुंट्या आणि कोनाडे ठेवलेले असत. राहायला येणारा तिथे कंदील टांगील, पागोटे टांगील. भिंतीला खिळा ठोकावा लागत नसे. वर्डप्रेसच्या कोडमध्ये अशा खुंट्या जागोजाग आहेत. लेख प्रसिद्ध झाला की इथे थांबून विचार : कोणाला काही करायचे आहे का? आलेल्या प्लगइनने तिथे आपले काम टांगायचे. दुसरा प्रकार गाळण्यांचा. मजकूर पानावर जाण्यापूर्वी गाळणीतून जातो, आणि कोणीही आपली गाळणी मध्ये धरू शकतो. मूळ कोडला हात न लावता त्याचे वागणे बदलायची ही युक्ती. आज प्लगइनच्या अधिकृत भांडारात ५० हजारांहून अधिक वस्तू आहेत त्या याच खुंट्यांवर टांगलेल्या.

पण खुंटीला दुसरी बाजू आहे. एकदा बसवली की ती उपटता येत नाही. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, एखाद्या शाळेच्या किंवा सहकारी पतपेढीच्या साइटवर, कोणीतरी तिच्यावर काहीतरी टांगलेले असतेच. म्हणून नवे सुचलेल्या तरुण विकासकाला अनेकदा ‘हे छान आहे, पण जुने मोडेल’ एवढेच उत्तर मिळते. अनेक जण चिडून निघून जातात. त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. जुन्याशी इमान राखायच्या या हट्टापायी कोडमध्ये अडगळ साचली आहे, आणि आधुनिक घडणीच्या शोधात आलेल्याला हा माळा बघून शिंका येतात. तरी मी निकाल माळ्याच्या बाजूने देतो. दहा वर्षांपूर्वी उभी केलेली एखाद्या गावच्या वाचनालयाची साइट अपडेट केल्यावर आजही उघडावी, ही अपेक्षा लहान नाही.

त्याच मे २००४ मध्ये योगायोग असा की ‘मूव्हेबल टाइप’ या त्या वेळच्या नामांकित ब्लॉगप्रणालीने तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी आणि दर बदलले. प्रणाली उत्तम होती, तिचे कर्ते बेन आणि मीना ट्रॉट यांच्याबद्दल लोकांना आदर होता. पण ज्यांनी आपली वर्षानुवर्षांची लेखनपुंजी तिच्यात ठेवली होती त्यांना एकदम जाणवले की घर आपले, जमीन दुसऱ्याची. त्यातले कित्येक वर्डप्रेसकडे वळले. कोणी त्यांना मुक्त सॉफ्टवेअरचे तत्त्वज्ञान पटवून दिले नव्हते; भाडेकरूला मालकीहक्काचे महत्त्व सांगावे लागत नाही.

निगेचा आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्यात बोलण्याइतकेच न बोलण्यालाही मोल होते. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ या आवृत्तीपासून वर्डप्रेस छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या स्वतःहून, मालक झोपलेला असताना, बसवून घेऊ लागले. जानेवारी २०१७ मध्ये ४.७.२ ही दुरुस्ती आली. तिच्यात एक भगदाड बुजवले होते, ज्यातून बाहेरचा कोणीही कोणाचेही लेख बदलू शकला असता. पण ते भगदाड होते हे लगेच सांगितले नाही. सुमारे आठवडाभर गप्प राहून जास्तीत जास्त साइट आपोआप सुधारू दिल्या आणि मग जाहीर केले. सर्व काही उघड्यावर करायचे ब्रीद असलेल्या समुदायाने मौन पाळले, यावर तेव्हा वाद झाला. ज्यांनी स्वयंचलित अपडेट बंद करून ठेवले होते त्यांच्या साइटवरची लाखो पाने पुढच्या दिवसांत विद्रूप झाली. तेव्हा उघडेपणा हे मूल्य असले तरी ते कधी, कोणासमोर आणि किती, याचा विवेकही शिकावा लागतो. या क्षेत्रातल्या नीतिविचाराचा खरा अभ्यास अशा प्रसंगांतूनच होईल.

आता आपल्या अंगणात येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मराठी लोक जालावर उशिरा आले असे नाही. मायबोली १९९६ पासून आहे. पुढे मनोगत, मिसळपाव अशी संकेतस्थळे ‘द्रुपल’ या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीवर उभी राहिली. ‘गमभन’सारखी टंकनसुविधा मराठी विकासकाने घडवून खुली केली. ब्लॉगला ‘अनुदिनी’ म्हणावे की ‘जालनिशी’, यावर लोक तावातावाने भांडले. दोन्ही शब्द सुरेख होते. लोकांनी ‘ब्लॉग’च म्हटले. भाषेचा कारभार असाच चालतो.

वर्डप्रेस मराठीत बोलते ते भाषांतरकारांमुळे. यंत्रणा अशी : इंग्रजीतले प्रत्येक वाक्य कोडमध्ये दोन अधोरेषांच्या एका छोट्या खुणेत गुंडाळलेले असते. ती खूण म्हणजे विकासकाने भाषांतरकारासाठी उघडे ठेवलेले दार. ती वाक्ये एका सामायिक फलकावर येतात. कोणीही मराठी पर्याय सुचवावा, भाषेचे संपादक तो तपासून मंजूर करतात किंवा परत पाठवतात. २०१४ च्या ४.० पासून प्रणाली बसवतानाच भाषा निवडता येते, आणि ४.७ पासून एकाच साइटवर संपादकाचा फलक मराठीत तर मालकाचा इंग्रजीत असू शकतो.

ऐकायला सोपे. करायला बसा म्हणजे कळते.

पहिली पायरी अभिवादनाची. आत शिरलेल्या माणसाला वर्डप्रेस ‘हाउडी’ म्हणते. हा टेक्सासकडचा रांगडा नमस्कार. मलनवेग ह्यूस्टनचा, म्हणून तो प्रणालीत शिरला. मराठीत काय लिहाल? ‘नमस्कार’ बिनधोक आहे, पण त्यात हाउडीचा घोंगडी टाकून बसायचा भाव नाही. तो भाव ‘राम राम’मध्ये नेमका आहे, पण तो सगळ्यांच्याच तोंडी बसेल असे नाही. मग जय भीम म्हणणाऱ्याचे काय, सलाम म्हणणाऱ्याचे काय? एका शब्दाच्या भाषांतरात गावगाडा उभा राहतो.

पुढे व्याकरण. इंग्रजी विकासक एकच साचा लिहितो : अमुक हटवले. ‘अमुक’च्या जागी प्रणाली हवा तो शब्द घालणार. इंग्रजीला लिंगाची फिकीर नाही. मराठीत लेख हटवला, प्रतिक्रिया हटवली, पान हटवले. साचा एक, लिंगे तीन. अनेकवचनाचीही गंमत : यंत्रणा एकवचन-अनेकवचन अशा दोन पेट्या देते, पण एक लेख, दोन लेख, एक प्रतिक्रिया, दहा प्रतिक्रिया. दोन्ही पेट्यांत तेच लिहायचे. ‘पान’ आले की मात्र पाने करायची.

सगळ्यांत छळते ते सामान्यरूप. साचा म्हणतो ‘अमुकमध्ये’. अमुकच्या जागी पुणे आले की ‘पुणेमध्ये’ होते, आणि पुण्यात राहणाऱ्याला ते दाताखाली खडा आल्यासारखे लागते. ठाणे, सातारा, धुळे, सगळ्यांची हीच तऱ्हा. नावांना ‘ने’ जोडायला जा, तर तिथेही कसरत. यावर भाषांतरकारांनी एक वाट काढली आहे, आणि तिला मी मराठीच्या व्यवहारज्ञानाचा नमुना समजतो : नावाला हात लावायचाच नाही. ‘पुणे या विभागात’. ‘सुनीता यांनी’. विभक्तीचा सारा भार ‘या’ने आणि ‘यांनी’ने उचलायचा. आदरही साधतो, व्याकरणही सुटते. सरकारी पत्रांतून आपण ज्या ‘यांनी’ला हसतो तो इथे तारणहार ठरला.

काही शब्दांना शब्दकोशाचा उपयोग होत नाही. लेखाच्या पत्त्यातला जो शेवटचा तुकडा, त्याला ‘स्लग’ म्हणतात. कोश उघडला तर बिनशंखाची गोगलगाय निघते. शब्द आला तो वृत्तपत्राच्या छपाईतून. तिथे स्लग म्हणजे आधी शिशाची ओतीव ओळ आणि मग बातमीचे कामापुरते छोटे नाव. मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही ‘स्लग’ हाच शब्द चालतो, तेव्हा तो तसाच ठेवणे शहाणपणाचे.

आणि याच स्लगमध्ये मराठीची एक जुनी कोंडी आहे. साठवणीत त्याला २०० खुणांची जागा दिलेली आहे. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर. पण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, पत्त्यासाठी सांकेतिक रूपात उलगडले की ९ खुणा खाते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण ग्रंथालये’ हे शीर्षक द्या. ‘महाराष्ट्रातील’मध्ये १४ चिन्हे, ‘ग्रामीण’मध्ये ७, मधल्या दोन जोडरेघांची एकेक खूण. हिशेब करून पाहा, २०० भरतात ते ग्रंथालयांतल्या पहिल्या ‘ग’ वर. पुढची ग्रंथालये गायब. हा कोणाचा द्वेष नाही. ज्यांनी तो आकडा ठरवला त्यांच्या डोळ्यांपुढे जोडाक्षर नव्हते, इतकेच. उपाय म्हणून आपण हाताने छोटा स्लग लिहितो, बहुतेक वेळा रोमनमध्ये, आणि अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न तिथेच निर्माण होतो : तांत्रिक सोय म्हणून केलेली ही लहानशी माघार, लाखो पानांवर पसरली की तिला काय म्हणायचे?

मलाही याचा चटका बसला आहे. फार पूर्वी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर माझा जुना ब्लॉग हलवला, आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन अनोळखी युरोपीय चिन्हे उभी राहिली. जुन्या साठवणीचा अक्षरसंच लॅटिन होता. २००७ च्या २.२ या आवृत्तीत अक्षरसंच ठरवायची सोय आली, पण माझे तक्ते त्याआधीचे. मजकूर हरवला नव्हता, चुकीच्या चष्म्यातून दिसत होता. तो सोडवायला दोन रात्री लागल्या. त्या दोन रात्रींत मी जे शिकलो ते अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेल्या टिपणांतून, आणि माझे आभार त्यांच्यापर्यंत कधी पोचले नाहीत. तसाच छुपा घोळ ‘ॲ’ या अक्षराचा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीचे लोक तेच अक्षर वेगळ्या संकेतांनी लिहीत. दिसायला सारखे, आतून निराळे. जुन्या लेखात ‘ॲप’ शोधा आणि तो सापडला नाही तर स्वतःच्या स्मरणशक्तीला बोल लावू नका.

समुदाय हा शब्द फार सैल झाला आहे, म्हणून तो कुठे दिसतो ते सांगतो. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पहिला वर्डकॅम्प झाला. पुढे ती प्रथा जगभर गेली. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक इथे हे मेळावे भरले आहेत, आणि २०२६ चा आशियाचा मेळावा मुंबईच्या वाट्याला आला. वक्त्यांना मानधन नसते, आयोजक स्वयंसेवक असतात. भाषणांपेक्षा मला मेळाव्याला जोडून येणारा योगदान-दिवस महत्त्वाचा वाटतो. टेबले मांडलेली असतात : कोडचे, भाषांतराचे, दस्तऐवजांचे, मदतीचे. नवखा माणूस बिचकत एका टेबलाशी येतो, शेजारचा लॅपटॉप फिरवून दाखवतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या नावावर एखादे मंजूर वाक्य तरी लागलेले असते.

दस्तऐवजांच्या टेबलावर सगळ्यांत कमी गर्दी असते. म्हणून ओहायोच्या किम पार्सेल यांचे नाव घेतो. त्या मोठ्या कोडलेखिका नव्हत्या. कोडमधल्या टिपा, मार्गदर्शिका, समजावून सांगणारा मजकूर, हे त्यांचे काम. डिसेंबर २०१४ मध्ये त्या वारल्या, तेव्हा हळहळलेल्यांत अव्वल दर्जाचे विकासक होते. वर्डप्रेस फाउंडेशनने त्यांच्या नावे प्रवास-शिष्यवृत्ती ठेवली. डिसेंबर २०२० मधली ५.६ ही आवृत्ती तर स्त्रिया आणि द्विलिंगी चौकटीबाहेरच्या व्यक्ती, यांच्याच चमूने सिद्ध केली.

तरीही या चित्राला भगवी किनार लावून ते देवघरात ठेवू नये. ‘स्वयंसेवक’ कोण होऊ शकतो? ज्याची संध्याकाळ मोकळी आहे तो. घरी पोचल्यावर जिला कुकर लावायचा आहे तिला तिकिटांवर चर्चा करायला वेळ कुठून? पैशाचे कोडेही आहेच. २०१४ मध्ये मलनवेग यांनी सुचवले की वर्डप्रेसवर जगणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ५ टक्के मनुष्यबळाने मूळ प्रकल्पाचे काम करावे. पुण्यात तर या प्रणालीवर चालणारा चांगला मोठा व्यवसाय आहे. १० लाखांहून अधिक साइटवर बसलेली ‘ॲस्ट्रा’ ही थीम पुण्याचीच. ज्या विकासकाला कंपनी योगदानाचा वेळ देते आणि जो रविवारी स्वतःचा वेळ काढतो, त्या दोघांना आपण एकाच शब्दाने ओळखतो. हा शब्द अभ्यासकाने फोडून पाहिला पाहिजे.

आणि मालकीचा प्रश्न, ज्याने २०२४ मध्ये उग्र रूप घेतले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या वर्डकॅम्पात मलनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका केली. कंपनी घेते भरपूर, देते थोडे, असा टीकेचा सूर होता. कंपनीने २ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला, आणि १० डिसेंबरला न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन अधिकृत भांडारापर्यंतची तिची तोडलेली वाट पुन्हा खुली करायला लावली. बाजू कोणाचीही घ्या, यातून उघड झालेली गोष्ट आपल्या अभ्यासाला अटळ आहे. कोड सर्वांचा आहे हे परवाना सांगतो. पण नाव कोणाचे, भांडाराची किल्ली कोणाकडे, अपडेट ज्या सर्व्हरवरून येतात त्याचा धनी कोण, याबद्दल परवाना मौन बाळगतो. देवस्थानच्या जमिनी सर्वांच्या आणि पेटीची चावी एकाकडे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

या विषयावर मराठीत लिहिण्यासारखे खूप पडून आहे. भाषांतराच्या फलकावर कोणते शब्द परत पाठवले गेले आणि का, याचा नीट मागोवा घेतला तर विसाव्या शतकातल्या परिभाषा-समित्यांशी त्याची तुलना करता येईल. तालुक्याच्या गावी बसून परदेशी क्लायंटच्या साइट सांभाळणाऱ्या तरुणांचे श्रम समाजशास्त्राला अजून नीट दिसलेले नाहीत. ज्यांना कोड येत नाही त्यांनी बिचकू नये. या क्षेत्रात भाषेच्या माणसांची टंचाई कोडच्या माणसांपेक्षा मोठी आहे.

सुरुवात कशी करावी, हे मला नेहमी विचारतात. आपल्या संगणकावर प्रणाली बसवा, भाषा मराठी निवडा. परवान्याची फाइल उघडून वाल्द्रिगींचे नाव एकदा डोळ्यांखालून घाला. मग फलकावर हिंडत राहा, जोवर खटकणारे एखादे वाक्य सापडत नाही. ते सापडायला फार वेळ लागत नाही. त्याचा बरा पर्याय सुचवा. तुमच्या सूचनेपुढे ‘प्रतीक्षेत’ अशी खूण लागेल आणि ती तिथे काही दिवस, कदाचित काही महिने राहील. नाकारली गेली तर कारण विचारा. बहुधा त्या साच्यात पुढे ‘पुणे’ येणार असेल.